चंबळचं घड्याळ: नदीत पाणी असूनही सुसर का अडते?

उन्हाळा लागला की ग्वाल्हेरच्या मराठी घरांत दोन बातम्या पाठोपाठ येतात. तिघरा धरणाची पातळी उतरली, आता चंबळचं पाणी शहराला कधी मिळणार, ही एक. मुरैनाजवळच्या देवरी केंद्रात अंड्यांतून घडियालची, म्हणजे सुसरीची, पिल्लं बाहेर पडली, ही दुसरी. पहिलीवर घरातला प्रत्येक जण बोलतो, दुसरीवर ‘अरे वा’ म्हणून पान उलटलं जातं. पण दोन्ही बातम्या एकाच पाण्याच्या आहेत. त्यांच्यातला दुवा लक्षात आला नाही की मग हा प्रश्न येतोच: एवढी रुंद नदी, त्यात दोन-अडीच हजार सुसरी, शहराने चार बादल्या उचलल्या तर त्यांचं काय अडतं?

एका शहराच्या चार बादल्यांनी फारसं अडत नाही. अडतं ते त्या बादल्या कोणत्या महिन्यात, कुठल्या डोहातून आणि आणखी किती जणांच्या बादल्यांसोबत उचलल्या जातात त्यावर. त्यासाठी आधी नदी कशी चालते ते बघावं लागेल.

## घड्याळ, घडियाल आणि सुसर

मराठीत घड्याळ भिंतीवर असतं आणि मुरैनात घडियाल वाळूवर. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या मराठी मुलांचा हा गोंधळ जुना आहे. गंमत म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘घट’ आहे. पूर्वी वेळ मोजायचे ते पाण्यात बुडणाऱ्या घटिकापात्राने, त्यावरून घड्याळ. प्राण्याचं नाव आलं ते नराच्या नाकाच्या टोकावर उगवणाऱ्या मडक्यासारख्या गोळ्यावरून. इथे त्याला घडाच म्हणतात.

मराठीत या प्राण्याला सुसर म्हणतात. मगर वेगळी. कृष्णा-वारणेच्या काठी माणसं जिला घाबरतात ती मगर, रुंद जबड्याची. सुसरीचा जबडा लांब आणि चिमट्यासारखा निमुळता, शंभराहून अधिक बारीक दात असलेला. तो फक्त मासे धरण्यासाठी आहे. पाण्यात आडवा झटका देताना रुंद जबड्याला पाणी अडवतं, काठीसारखा जबडा सपकन फिरतो. या लेखात पुढे सुसर म्हटलं की हीच, घडियाल.

जगात जंगली अवस्थेत उरलेल्या सुसरींपैकी बहुतेक चंबळमध्ये आहेत. गिरवा, गंडक, सोन आणि नेपाळातल्या काही नद्यांत थोड्या थोड्या आहेत, पण चंबळ गेली तर बाकीच्यांचा हिशोब फार काळ टिकणार नाही. 1970 च्या दशकात देशभरात मोठ्या सुसरी दोनशेच्या आत उरल्या होत्या. 1975 मध्ये मगर-सुसर संवर्धनाचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, 1978-79 मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांनी मिळून चंबळ अभयारण्य जाहीर केलं.

## नदी येते कुठून आणि पाणी जातं कुठे

चंबळ निघते इंदूरजवळच्या महूच्या जानापाव डोंगरातून. मग उलट्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडे वाहत सुमारे 960 किलोमीटर जाऊन इटाव्याच्या पलीकडे यमुनेला मिळते. त्या भागाला पचनदा म्हणतात, कारण यमुना, चंबळ, सिंध, कुंवारी आणि पहूज अशा पाच नद्या तिथे जवळजवळ एकत्र येतात.

वाटेत चार बांध आहेत: गांधीसागर (1960), राणाप्रताप सागर (1970), जवाहर सागर (1972) आणि शेवटी कोट्याचं बराज (1960). पहिली तीन धरणं पाणी साठवतात आणि वीज करतात, त्यातून पाणी खाली येतं. चौथं, कोट्याचं बराज, पाणी वळवतं. त्याच्या डाव्या-उजव्या अंगाने दोन मोठे कालवे निघतात. उजवा कालवा पार्वती नदी ओलांडून श्योपूर, मुरैना, भिंडपर्यंत येतो. मुरैनाची मोहरी आणि गहू उभा राहतो तो या पाण्यावर.

म्हणजे पाऊस संपल्यावर वरून येणारं बरंचसं पाणी नदीतून न येता कालव्यातून येतं. मुरैनाजवळ जी चंबळ दिसते तिला कोट्याखाली मिळणाऱ्या कालीसिंध आणि पार्वती या उपनद्या जगवतात. जानेवारी 2024 मध्ये पार्वती-कालीसिंध-चंबळ जोड प्रकल्पाचा करार झाला, तेव्हा सुसरींवर काम करणारे लोक कान टवकारून बसले ते याच कारणाने. कागदावर त्यात पावसाळ्यातलं जादा पाणी अडवायचं आहे. ‘जादा’ कशाला म्हणायचं यावर सगळं अवलंबून आहे.

## शापामुळे नदी वाचली, हे खरं का?

अर्धंच.

महाभारतातल्या रंतिदेव राजाच्या घरी इतकी जनावरं कापली जायची की कातड्यांच्या ओघळातून ही नदी झाली, म्हणून ती चर्मण्वती. दुसरी कथा द्रौपदीने या नदीला दिलेल्या शापाची, ती इथल्या गावागावांत सांगतात. शापामुळे नदी अपवित्र मानली गेली, त्यामुळे काठी तीर्थं नाहीत, घाट नाहीत, आणि म्हणून पाणी स्वच्छ, असा निष्कर्ष काढला जातो. पण केशोरायपाटणला मंदिरही आहे आणि कार्तिकी पौर्णिमेचं स्नानही. शिवाय त्या शापाने कोट्याला कारखाने उभारण्यापासून कधी अडवलं नाही.

खरं रक्षण केलं ते बीहडांनी, म्हणजे काठच्या घळींच्या जाळ्याने. चंबळच्या खालच्या टप्प्यात दोन्ही काठांवर गाळाच्या मातीचा जाड थर आहे. ही माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते आणि पाणी लागलं की खव्यासारखी सुटते. नदीने स्वतःचं पात्र खोल कापलं, आणि काठावरचं पावसाचं पाणी उंचावरून त्यात कोसळू लागलं. प्रत्येक ओघळ मागे मागे शेतात सरकत गेला. एका घळीच्या दहा झाल्या. अशा काठावर शहर बसत नाही, गोदाम बसत नाही, गाडीरस्ता टिकत नाही. दरोडेखोरांची भीती होतीच, पण तीही या घळींच्याच आडोशाने वाढली. 1972 च्या एप्रिलमध्ये जौऱ्याच्या आश्रमात जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने बंदुका खाली ठेवल्या गेल्या. बागी (दरोडेखोरांना इथे असंच म्हणतात) गेले आणि बीहडात ट्रॅक्टर आला, सपाटीकरणासाठी आणि वाळूसाठी.

मराठ्यांच्या इतिहासात चंबळ येते ती हद्द म्हणून. भाऊसाहेबांची फौज पानिपताकडे जाताना 1760 च्या जूनमध्ये ती ओलांडून गेली. 1805 च्या तहात शिंदे आणि इंग्रज यांच्यामधली सीमा म्हणून हीच नदी धरली गेली. 1843 च्या डिसेंबरात इंग्रज फौज धोलपूरजवळ ती उतरून आली आणि महाराजपूरची लढाई झाली. फौजेला नदीबद्दल हवी असायची ती एकच माहिती: कोणत्या महिन्यात उतार कुठे? उतार म्हणजे पात्रातली उथळ जागा, जिथून बैल, तोफा, माणसं पार होतात. सुसरीचा प्रश्नही तोच आहे, फक्त उलटा. जिथे बैल सहज पार होतो तिथे पाच मीटरचा नर अडकतो.

## डोह आणि पुळण एकत्र का लागतात

सुसरीला दोन गोष्टी शेजारी-शेजारी लागतात: खोल डोह आणि त्याला लागून वाळूची पुळण. याचं कारण तिच्या पायांत आहे. मगर पोट उचलून चार पायांवर चालते, प्रसंगी धावते. मोठ्या सुसरीला ते जमत नाही. तिचे पाय अंगाच्या मानाने अशक्त असल्याने ती जमिनीवर पोटाने सरपटते, जेमतेम काही मीटर. पण ती थंड रक्ताची, म्हणून अंग तापवायला उन्हात यावंच लागतं. तेव्हा पाण्यातून दोन घसरणींत वाळूवर आणि धोका दिसताच एका घसरणीत परत डोहात, एवढंच तिला परवडतं.

अशा जागा नदी स्वतः बनवते. चहाच्या पातेल्यात चमचा गोल फिरवून बाहेर काढा. जड असूनही भुकटी कडेला न जाता तळाशी मधोमध गोळा होते. पाणी वळणावर फिरताना वरचा थर बाहेर ढकलला जातो आणि तळाचा थर आत येतो, येताना भुकटी ओढून आणतो. नदीच्या वळणावर हेच घडतं. बाहेरच्या काठाला पाणी खणतं, तिथे डोह होतो. आतल्या काठाला वाळू साठते, तिथे पुळण. एकाच वळणाला दोन्ही मिळतात.

यातला मोठा भाग पुराच्या दिवसांत घडतो. म्हणून पूर हे नदीचं नुकसान नाही, ती तिची वार्षिक डागडुजी आहे. धरणामागे गाळ आणि वाळू अडली की खालच्या पुळणींना नवी भर मिळत नाही. वर काठावरून ट्रॉल्या भरून वाळू गेली की उरलेली पुळणही जाते. अभयारण्यात वाळू काढायला बंदी आहे. तरी ती निघते, हे मुरैनाच्या रस्त्यावर पहाटे उभं राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

## फेब्रुवारी ते जून: घड्याळाचे काटे

आता शीर्षकातल्या घड्याळाकडे. सुसरीचं वर्ष पाण्याच्या उतरण्याशी बांधलेलं आहे.

थंडीत जोड्या जमतात. मार्चच्या शेवटी-एप्रिलच्या सुरुवातीला मादी रात्री पुळणीवर येते आणि पाण्याच्या पातळीपासून बऱ्यापैकी उंचावर खड्डे खणते. पहिले काही खड्डे चाचणीचे. वाळू फार भरड असेल तर खड्डा ढासळतो, फार चिकट असेल तर हवा खेळत नाही. मनासारखी वाळू मिळाली की साधारण हातभर खोल खड्ड्यात तीस-चाळीस, कधी पन्नासच्या वर अंडी घालून ती बुजवते. मगर-सुसरींच्या सगळ्या जातींत सर्वांत मोठी अंडी हिची, एकेक सुमारे दीडशे ग्रॅमचं, म्हणजे कोंबडीच्या तीन अंड्यांएवढं.

पुढचे दोन ते अडीच महिने वाळू हीच उबवणी. पिल्लू नर की मादी हेही त्या उबेवर ठरतं. मादी समोरच्या डोहात थांबून राखण करते, पण कोल्हे, कुत्रे, घोरपडी आणि रानडुकरं वास काढतातच. म्हणून वनखात्याची माणसं आणि गावातले राखणदार अनेक घरट्यांवर जाळी ठोकतात आणि पिल्लं निघायच्या सुमाराला काढतात. जाळी काढायला उशीर झाला तर आईच बाहेर अडते.

मेच्या शेवटी-जूनमध्ये अंड्याच्या आतून पिल्लं आवाज करू लागतात. तो ऐकून मादी वाळू उकरते. मगर पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते. सुसरीचा जबडा त्या कामाचा नाही, त्यामुळे पिल्लं स्वतः सरपटत पाण्याला लागतात. म्हणून घरट्यापासून पाण्याची कड फार लांब गेलेली नसावी, आणि घरटं बुडेल इतकी जवळही आलेली नसावी. फूटभर लांबीची ही पिल्लं शेकड्यांनी एका जागी जमतात, मोठा नर जवळ असतो, कधी त्याच्या पाठीवरच ढीग होतो.

आणि मग पाऊस. चंबळचा पूर साधासुधा नसतो. 2019 आणि 2022 मध्ये धोलपूरला पाणी धोक्याच्या खुणेच्या दहा मीटरहून वर गेलं होतं. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाला असा पूर कुठल्या कुठे वाहून नेतो. शंभरातलं एखाद-दुसरंच मोठं होतं.

## शेजारीपाजारी

याच वाळूवर आणखी बिऱ्हाडं आहेत. पाणचिरा हा पक्षी वाळूच्या बेटांवर उघड्यावर अंडी घालतो. त्याच्या चोचीची खालची फाळ वरच्या फाळीपेक्षा लांब असते आणि ती पाण्यात बुडवून उडता-उडता तो मासे टिपतो. एप्रिल-मेच्या उन्हात वाळू तव्यासारखी तापली की मादी पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. पाणी जास्त उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत येतात. पाणी एकदम चढलं की अंडी वाहून जातात. त्याच्या वाट्याला चुकीला जागाच नाही.

साल नावाचं कासव, लाल मुकुटाचं, जगात अत्यंत दुर्मीळ झालं आहे. त्याचा मुख्य आसरा चंबळच. विणीच्या काळात नराच्या डोक्यावर लाल, मानेवर पिवळ्या-निळ्या रेघा उमटतात. गंगेतला डॉल्फिन, हिंदीत सूंस, खालच्या टप्प्यातल्या खोल पाण्यात आहे, पण मोजकाच. तो जवळजवळ आंधळा असतो आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो. उतारावर पाणी कमी झालं की त्याचा डोह त्याच्यासाठी बंद खोली होते.

## मग केंद्रात वाढवून सोडा ना!

हा पहिला आक्षेप, आणि तो वावगा नाही. देवरीत हेच होतं. दरवर्षी सुमारे 200 अंडी नदीवरून आणतात. आणण्याची एक रीत आहे. अंडं घातल्यावर थोड्याच वेळात आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. नंतर अंडं उलटं झालं तर तो मरतो. म्हणून वाळू हाताने बाजूला करून अंडं जागचं हलवण्याआधी त्याच्या माथ्यावर खूण करतात आणि खूण वरच राहील असं घरट्यातल्याच वाळूच्या पेटीत ठेवतात. गाडी बीहडातून हळू न्यावी लागते. उबवणीत तापमान तिशीच्या थोडं वर सांभाळायचं, वाळू ओलसर ठेवायची पण भिजवायची नाही. पिल्लं 1.2 मीटरची झाली, म्हणजे साधारण तीन वर्षांनी, त्यांना थंडीत नदीत सोडतात. पंजाबातल्या बियास नदीत 2017 पासून सोडलेल्या सुसरीही इथूनच गेल्या.

या कामाने जात वाचली, यात वाद नाही. पण त्याला मर्यादा आहे. सोडलेली सुसर पहिल्याच पावसात पुराबरोबर खाली यमुनेकडे जाऊ शकते. मोठ्या सुसरी पावसाळ्यात शंभराहून अधिक किलोमीटर फिरतात आणि पाणी उतरताना आपल्या डोहाकडे परततात, नवख्यांना तो डोह अजून सापडलेला नसतो. दुसरं, जाळी. माशांसाठी लावलेल्या पातळ नायलॉनच्या जाळ्यात तिचा दातेरी जबडा अडकतो. तिला श्वास घ्यायला वर यावं लागतं, येता आलं नाही की ती बुडून मरते. तिसरं सगळ्यांत साधं: डोह जितके तितक्याच सुसरी. गावात घरं वीस असताना चाळीस वराती बोलावल्या तर उतरवायच्या कुठे?

2007-08 च्या हिवाळ्यात यमुनेच्या संगमाजवळच्या भागात शंभराहून अधिक सुसरी मेल्या. मूत्रपिंडं निकामी होऊन अंगात युरिक आम्ल साठलं होतं. यमुनेतून आलेल्या दूषित माशांवर संशय गेला. ज्या नदीचं पाणी स्वच्छ म्हणून आपण पाठ थोपटतो ती खालून यमुनेला उघडीच आहे.

## तर मग शहराने पाणी घ्यायचंच नाही का?

आकडे मांडू. बातम्यांत ‘क्युसेक’ येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. दिवसभर तेवढं वाहिलं तर साडेचोवीस लाख लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. दहा लाख माणसांचे झाले साडेतेरा कोटी लिटर, म्हणजे सुमारे 55 क्युसेक. पुरात कोट्याहून लाखांनी क्युसेक सुटतात, त्यापुढे हे काहीच नाही.

पण मे महिन्यातला उतार डोळ्यांसमोर आणा. समजा पात्र शंभर मीटर रुंद, पाणी 40 सेंटिमीटर खोल, वेग सेकंदाला अर्धा मीटर. वाहतं पाणी सुमारे 700 क्युसेक. त्यातून 55 काढले तर खोली साधारण दोन सेंटिमीटरने कमी होते. एवढ्याने सुसर अडत नाही. ज्या शहराला पाणी प्यायचं आहे त्याला सुसरीचा मारेकरी म्हणणं हा कांगावा आहे.

आता त्याच उतारातून शहर, दुसरं शहर, काठावरचे शेकडो पंप आणि उपनद्यांवर वरच्या अंगाला अडवलेलं पाणी असं मिळून निम्मं पाणी गेलं तर? खोली 40 वरून 26 सेंटिमीटरवर येते. पोटाने सरकणाऱ्या मोठ्या प्राण्याला चौदा सेंटिमीटर म्हणजे दार उघडं आणि दार बंद यातला फरक. बेटं काठाला जोडली जातात ती याच सेंटिमीटरांत.

यात शेतीचा वाटा किती मोठा, तेही बघा. एक हेक्टर गव्हाला एकदा सहा सेंटिमीटर पाणी द्यायचं तर सहा लाख लिटर लागतात. तेवढ्यात साडेचार हजार माणसांचा एक दिवस निघतो. गहू अशी चार-पाच पाणी मागतो, मोहरी एका-दोनवर भागवते. म्हणून मुरैनाच्या शेतात काय उभं आहे हा प्रश्न सुसरीसाठी ग्वाल्हेरच्या नळापेक्षा मोठा आहे. वर्तमानपत्रांत मात्र भांडण नळावरून होतं.

शहराच्या हातात तरीही एक गोष्ट आहे: वेळ. पाणी पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला भरपूर उचलायचं, साठवायचं आणि मार्च ते जून उपसा कमीत कमी ठेवायचा. त्यासाठी साठवण लागते. ग्वाल्हेरकडे तिघरा आहे, 1916 मध्ये सांक नदीवर बांधलेलं. पुढच्याच वर्षी ते फुटलं आणि पुन्हा उभं राहिलं. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला बसवले तसे आपोआप उघडणारे दरवाजे त्यालाही मिळाले. तिघरा आधी भरून ठेवला तर मेमध्ये चंबळवर हात टाकायची गरज कमी होते. गळक्या वाहिन्या दुरुस्त करणं हा त्याच कामाचा दुसरा, कमी मिरवता येणारा भाग.

## उन्हाळ्यात धरणातून जास्त पाणी सोडलं तर?

ऐकायला दयाळूपणाचं वाटतं. पण एप्रिल-मेमध्ये एकदम मोठा लोंढा सोडला तर पाणचिऱ्यांची अंडी पहिल्या तासात जातात, कासवांची आणि खालच्या अंगाला घातलेली सुसरीची घरटीही भिजतात. भिजलेल्या वाळूत अंड्याला हवा मिळत नाही आणि आतला जीव गुदमरतो. हवं असतं ते थोडं आणि सतत पाणी, फेब्रुवारीपासून सावकाश उतरत जाणारं. नळ ठिबकत ठेवणं आणि बादली फेकणं यात जेवढा फरक, तेवढाच इथे.

## ‘सुसरबाई तुझी पाठ मऊ’

खाणाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर त्याचीच स्तुती करायची, असा या म्हणीचा अर्थ. म्हण बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा मगर होती. सुसर माणसाच्या वाटेला जात नाही, तिचा जबडा त्या मापाचाच नाही. चंबळमध्ये मगरीही आहेत आणि त्या हल्ला करतात. म्हणून पोहायला उतरू नये. दरडीच्या तळाशी बीळ दिसलं तर ते बहुधा मगरीचं, तिथून दूरच राहावं.

## बघायला जायचं तर

ग्वाल्हेरहून आग्रा रस्त्याने मुरैना ओलांडून चंबळवरचा राजघाट सुमारे 60 किलोमीटर. देवरीचं केंद्र वाटेतच आहे. आधी ते बघावं, पिल्लं जवळून दिसतात आणि मग नदीवर नजर बसते.

जंगल सफरीच्या सवयीने पहाटे पाचला निघू नका. सुसर ऊन चढल्याशिवाय वाळूवर येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत साडेनऊ ते बारा ही वेळ चांगली. डिसेंबर-जानेवारीत धुकं असेल तर नाव उशिरा सुटते, त्या दिवशी घाई करून उपयोग नाही. मार्चनंतर ऊन कडक झालं की ती सकाळी लवकर आणि संध्याकाळीच वर दिसते. पावसाळ्यात सफर बंद असते.

नाव घाटावरूनच घ्यावी, लाइफ जॅकेट अंगात घालून बसावं. ते सीटवर ठेवण्यासाठी नसतं. आठ किंवा दहा पट दुर्बीण पुरते. रंग फिके घाला. मातकट काठावर लाल स्वेटर फार लांबून दिसतो. नावाड्याला ‘अजून जवळ’ म्हणून आग्रह करू नका. वाळूवरची सुसर पाण्यात घसरली म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ गेला आहात, आणि थंडीत तिला पुन्हा अंग तापवायला तेवढाच वेळ लागतो. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत पुळणीवर पाय ठेवू नका. पाणचिऱ्याची अंडी वाळूच्याच रंगाची असतात, पायाखाली आल्यावरच कळतात.

वाळूवर सुसरींची रांग दिसली की आधी नाकाची टोकं बघा. घडा असलेला एखादाच असेल, तो मोठा नर. घडा यायला दहा-बारा वर्षं लागतात, त्यामुळे बिनघड्याचे सगळे मादीच असतील असं नाही. मग दुर्बीण शेपटीकडे न्या. शेपटीवर उभ्या खवल्यांची करवतीसारखी रांग असते. त्या रांगेत मध्येच एखादा खवला सरळ कापलेला दिसला तर ती देवरीत वाढलेली. सोडताना ओळखीसाठी खवला कापतात, तो पुन्हा उगवत नाही.